वाटेची तरतूद

दूरच्या प्रवासास निघणाऱ्या माणसाने बरोबर काय घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता अगदी घरगुती दिसतो. परंतु त्याचे उत्तर त्या त्या काळच्या समाजरचनेने आधीच दिलेले असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आज मालवणचा एखादा तरुण हिमालयातील आडबाजूच्या खोऱ्यात आठ-दहा दिवस पायी हिंडावयाचे ठरवितो, तेव्हा त्याची तयारी महिनेच्या महिने चालते. तंबू, झोपण्याची पिशवी, चूल व तिचे इंधन, दहा दिवसांचा शिधा, औषधे, नकाशा, मुलूख सरहद्दीलगतचा असल्यास सरकारी परवाना, हे सर्व जमवून तो बारा-पंधरा किलोंचे ओझे पाठीवर घेतो. शंभर वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावरून बद्रिकेदारास जाणारा म्हातारा एक घोंगडी, एक लोटा, एक काठी आणि कनवटीस थोडे पैसे एवढ्यावर निघे, आणि आठ-दहा दिवस नव्हे, तर दीड-दोन महिने त्याच पहाडातून चालत राही. या दोघांत शहाणा कोण, हे ठरविण्याचा आमचा उद्देश नाही. म्हाताऱ्याची तयारी कोठे होती, एवढेच पाहावयाचे आहे. कारण ती मुळी नव्हतीच, असे मानणे चुकीचे होय.

प्रथम काळाचा हिशेब घेऊ. बद्रीनाथाची द्वारे कोणत्या दिवशी उघडावयाची हे वसंतपंचमीस टिहरीच्या राजघराण्याकडून जाहीर होते. केदारनाथाचा दिवस महाशिवरात्रीस उखीमठात ठरतो. यमुनोत्री व गंगोत्री येथील मंदिरे अक्षय्य तृतीयेस उघडतात. पुढे दिवाळीच्या पाडव्यास गंगोत्री मिटते, भाऊबीजेस यमुनोत्री व केदारनाथ मिटतात, आणि बद्रीनाथाचा अखेरचा दिवस दसऱ्यास सांगितला जातो. यांतील एकही तिथी कोकणातल्या माणसास कोणी समजावून द्यावी लागत नसे. हिमालयातील बर्फ केव्हा वितळते याची वार्ता ज्याला कधी मिळाली नाही, त्याच्याही घरच्या पंचांगात त्या बर्फाचे वेळापत्रक लिहिलेले होतेच.

याच्या जोडीस समुद्राचे वेळापत्रक होते. मृगाच्या सुमारास आमची बंदरे मिटत आणि नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करून पुन्हा उघडत. वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग या बंदरांवरून मुंबईस जाणाऱ्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. तेव्हा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पहाडात शिरू पाहणाऱ्याने चैत्रातच बंदर सोडले पाहिजे, हे उघड होते. मुंबईहून पुढे आगगाडी होती. ती १८८६ साली हरिद्वारपर्यंत पोचली होती. आषाढात परतणाऱ्यापुढे मात्र समुद्र मिटलेला असे. त्याने एक तर कोल्हापूरपर्यंत, जेथे १८९१ साली लोहमार्ग आला, आगगाडीने येऊन फोंड्याच्या घाटाने भर पावसात खाली उतरावे, नाही तर काशीत चातुर्मास काढून कार्तिकानंतर आगबोटीने घर गाठावे. एक वाट उघडते तेव्हा दुसरी मिटू लागते, अशा दोन वाटांची सांगड घालणे हे काही अडाण्याचे काम नव्हे. दर्यावर्दी लोकांच्या शेजारात वाढलेल्या माणसास ते अंगवळणी पडलेले असे, इतकेच.

या मुलखाशी नाते असलेल्या एका यात्रेकरूची हकीकत येथे सांगणे उचित होईल. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १८८५ साली साताऱ्यास झाला. परंतु त्यांचे आडनाव सावंतवाडीनजीकच्या कालेली गावाचे. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. ते राष्ट्रीय शिक्षण देणारे विद्यालय सरकारच्या रोषामुळे १९१२ साली बंद पडले, आणि सत्ताविसाव्या वर्षात असलेला हा शिक्षक हिमालयाकडे वळला. अनंतबुवा मर्ढेकर व स्वामी आनंद हे त्यांचे सोबती. यमुनोत्री, गंगोत्री, केदार व बद्री ही स्थाने त्यांनी पायी केली. पुढे गांधीजींच्या आश्रमात आल्यावर त्यांनी हा प्रवास गुजराथीत लिहून काढला आणि १९२४ साली त्याचे पुस्तक झाले. कोकणी आडनावाच्या मराठी माणसाने उत्तराखंडाचे वर्णन गुजराथी वाचकांसाठी करावे, ही गोष्ट स्वतंत्र लेखाचा विषय होईल. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, तंबू-शिधा घेऊन निघालेली ती मोहीम नव्हती. यात्रेकरूंच्याच वाटेने, यात्रेकरूंच्याच रीतीने केलेला तो प्रवास होता. नोकरी गेलेल्या तरुण शिक्षकास मोहिमेचा खर्च कोठून झेपणार? परंतु यात्रा त्यास झेपली. का झेपली, याचे उत्तर त्या वाटेत आहे.

त्या वाटेवर दर दोन-चार मैलांवर चट्टी असे. चट्टी म्हणजे दगडी भिंतींवर गवताचे किंवा लाकडी फळ्यांचे छप्पर घातलेली पडवी, तिच्या एका टोकास दुकान, आणि जवळ पाण्याचा झरा. यात्रेकरूने दुकानातून पीठ, डाळ, तूप, बटाटे घ्यावे. त्याबद्दल दुकानदाराने त्यास स्वयंपाकाची भांडी व रात्री अंग टाकण्यास जागा फुकट द्यावी, असा परिपाठ. या साध्या व्यवहाराचा परिणाम केवढा होतो पाहा. ज्याला शिधा वाहून न्यावा लागत नाही, भांडी वाहावी लागत नाहीत, निवारा वाहावा लागत नाही, त्याला एक घोंगडी पुरते. थकलेल्यास सहा मैलांवर थांबता येते, धडधाकटास बारा मैल जाता येते. कोणता मुक्काम कोठे करावा हे घरी बसून ठरवावे लागत नाही. मुक्कामांची सारी योजना वाटेवर मांडून ठेवलेली होती. प्रवाशाने फक्त चालावयाचे होते.

ही मांडणी आपोआप झालेली नव्हती. गढवालात काही गावांचा वसूल बद्री व केदार येथील यात्रेकरूंच्या अन्नासाठी पूर्वापार नेमून दिलेला होता. त्यांस सदावर्ताची गावे म्हणत. १८१५ नंतर गढवालाचा पूर्व भाग इंग्रजी अमलाखाली आला, आणि कुमाऊँचा कमिशनर ट्रेल याने त्या सदावर्ताच्या पैशातून यात्रेची वाट बांधावयास घेतली. पुढे त्याच निधीतून वाटेवर दवाखाने निघाले. त्याच्याही आधी अहल्याबाई होळकरांनी त्या बाजूस धर्मशाळा बांधिल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वामी विशुद्धानंद, ज्यांस लोक काळी कमलीवाले बाबा म्हणत, त्यांनी हृषीकेशात अन्नक्षेत्र स्थापिले, आणि पुढे त्या संस्थेची सदावर्ते व धर्मशाळा थेट चारही धामांपर्यंत पसरल्या. देवप्रयागच्या पंड्यांच्या वह्यांतून यजमानांच्या पिढ्यांची नोंद असे. त्यामुळे अनोळखी मुलखातही यात्रेकरूचे नाव-गाव जाणणारा कोणी तरी भेटे. राजा, राणी, परका अंमलदार, संन्यासी, दुकानदार आणि पंडा या सर्वांनी, कोणी पुण्यासाठी, कोणी राज्यासाठी, तर कोणी पोटासाठी, त्या म्हाताऱ्याच्या प्रवासाची तयारी त्याच्या जन्माआधीच करून ठेविली होती.

समाजाने अशी तयारी करून ठेवण्याचा एक नमुना आमच्याच किनाऱ्यावर पाहावयास मिळतो. मालवणनजीक आचऱ्यास श्रीरामेश्वराचा कौल झाला म्हणजे तीन-चार वर्षांतून एकदा गावपळण होते. सारा गाव गुराढोरांसह तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर राहावयास जातो. तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत हजारो माणसे रानात झोपड्या घालून राहतात. परंतु काय न्यावे व कोठे उतरावे याची यादी कोणी छापून वाटीत नाही. रूढी हीच तेथे यादी असते.

तथापि या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या वाटेवर पटकीची साथ वारंवार फैलावे. १८९२ साली हरिद्वारच्या मेळ्यात ती उद्भवली तेव्हा सरकारने जमाव पांगविला, पण पांगलेल्या लोकांबरोबर रोगही गेला. घरातून निघताना म्हातारा निरवानिरव करून निघे, ती केवळ रीत म्हणून नव्हे. त्याहून कठीण गोष्ट पुढेच आहे. यात्रेकरू ज्यांच्या पाठीवर कंडीत बसे, त्या पहाडी माणसास निदान मजुरी तरी मिळे. परंतु त्याच डोंगरात अंमलदारांचे व साहेबलोकांचे सामान वाहण्याची सक्ती गावकऱ्यांवर होती. तिला कुली बेगार म्हणत. १९२१ च्या मकरसंक्रांतीस बागेश्वर येथे बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या पुढारपणाखाली लोकांनी बेगारीच्या नोंदवह्या शरयूच्या प्रवाहात फेकून दिल्या, तेव्हा ही सक्ती मोडली. प्रवाशाचे ओझे हलके असते तेव्हा ते नाहीसे झालेले नसते. ते दुसऱ्या कोणाकडे गेलेले असते. चट्टीच्या व्यवहारात ते खुशीने व मोबदला घेऊन उचललेले होते, बेगारीत ते लादलेले होते. जुन्या व्यवस्थेचा न्याय करावयाचा तो या भेदावरून करावा.

वाटेची तरतूद म्हणजे केवळ अन्न व निवारा नव्हे, तर इशाराही होय, हे सांगणारी एक घटना आहे. १८९३ साली बिरही गंगेच्या पात्रात गोहना गावाजवळ डोंगर कोसळून मोठे धरण आपोआप तयार झाले व त्यामागे पाणी तुंबू लागले. ते केव्हा तरी फुटणार हे ओळखून अधिकाऱ्यांनी तेथून खाली हरिद्वारपर्यंत तारायंत्राची सोय केली आणि नदीकाठची वस्ती उठविली. २५ ऑगस्ट १८९४ रोजी पाणी बांधावरून वाहू लागले. पुराने श्रीनगर शहर धुऊन नेले. पण मेले ते पाचच, आणि तेही मनाई असता धोक्याच्या जागी परत गेलेले. याच्या उलट, १६ व १७ जून २०१३ रोजी केदारनाथावर लोंढा आला तेव्हा उत्तराखंडात पाच हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली. दोन्ही प्रसंग सर्वस्वी सारखे नव्हेत. पहिल्यात सावध होण्यास महिने मिळाले, दुसऱ्यात तास. तरीही आकाशातून ढगांची छायाचित्रे घेणाऱ्या युगात खालच्या माणसापर्यंत इशारा पोचू नये, हे शल्य राहतेच.

दरम्यान वाट बदलली होती. १९६२ च्या चिनी युद्धानंतर सरहद्दीच्या दिशेने मोटारीचे रस्ते झपाट्याने वाढले, बद्रीनाथाच्या व गंगोत्रीच्या दारापर्यंत गाड्या जाऊ लागल्या, आणि मधल्या चट्ट्यांचे कामच उरले नाही. पायी चालणाराच नाही तेथे पीठ विकणारा कोणासाठी बसणार? गंगोत्रीच्या अलीकडे उत्तरेस जाणारे नेलांगचे खोरे त्याच युद्धाच्या वेळी रिकामे करविण्यात आले. तेथील रहिवासी खाली बगोरी-हर्सिल भागात येऊन राहिले, आणि आज त्या खोऱ्यात जावयास परवाना लागतो. अशा रीतीने जी तयारी पूर्वी वाटेवर पसरलेली होती, ती गोळा होऊन एकट्या प्रवाशाच्या पाठीवर आली. आजचा मालवणी तरुण पंधरा किलो वाहतो, ते तो नाजूक झाला म्हणून नव्हे. चट्टीवाल्याचे दुकान, पंड्याची वही आणि बाबांचे अन्नक्षेत्र तो पाठीवर घेऊन चालला आहे.

त्याने आपली यादी अवश्य करावी. ती केल्यावाचून त्या थंडीत जाणे हा अविचार होईल. परंतु यादीच्या अखेरीस दोन प्रश्न त्याने आणखी लिहावे. माझ्या ओझ्यातले किती कोण उचलणार आहे, आणि त्यास योग्य मोल मिळते काय? केदारनाथाच्या वाटेवर आजही कंडी घेऊन चढणारे मजूर आहेत, व त्यांत नेपाळातून आलेले पुष्कळ आहेत. त्यांची भरपाई हा दयेचा विषय नसून हिशेबाचा आहे.

म्हाताऱ्याने हा हिशेब आपल्या परीने पुरा केला होता. तो सुखरूप परत आला म्हणजे घरी गंगापूजन होई व मावंदे घातले जाई. गावास जेवावयास बोलावीत आणि तांब्याच्या बंद लोटीतले गंगाजल थोडे थोडे सर्वांस देत. ज्या दुकानदाराने त्यास भांडी दिली, ज्या धर्मशाळेने त्यास छप्पर दिले, त्यांचे ऋण फेडावयास तो पुन्हा पहाडात जाणार नव्हता. म्हणून अनोळखी माणसांकडून घेतलेले अन्न तो आपल्या दारी आलेल्यांस वाढून मोकळा होई.