किडीचा रोग, शेतकऱ्याचा सोबती

कीड मारायची म्हणजे विष फवारायचे, असे समीकरण आपल्या डोक्यात बसले आहे. परंतु किडीलाही रोग होतो आणि त्या रोगाला कामाला जुंपता येते, हा विचार डीडीटीच्या कितीतरी आधीचा आहे.

त्याचा उगम रेशमात आहे. इटलीत लोदीच्या परिसरात रेशमाचे किडे मरून पांढऱ्या भुकटीने माखत, आणि ते पाळणाऱ्यांचा हंगाम बुडे. कोणी हवेला दोष देई, कोणी पाल्याला. कायदा शिकलेल्या आगोस्तिनो बास्सीने १८०७ पासून शोध चालविला आणि १८३५ साली दाखवून दिले की ही सजीव बुरशी आहे व ती एका किड्याकडून दुसऱ्याकडे जाते. आज तिला 'बोव्हेरिया बास्सियाना' म्हणतात.

ज्या बुरशीने रेशीमवाल्यांचे पोट मारले, तशीच दुसरी बुरशी शेताची राखण का करणार नाही? १८७९ साली ओडेसाकडे मेचनिकॉफने गव्हाच्या भुंग्यावर हिरवी बुरशी पाहिली व ती वाढवून शेतात पसरावी असे सुचविले. पुढे क्रासिल्श्चिकने स्मेला येथे तिचे बीज तयार करून बिटाच्या भुंग्यावर वापरून पाहिले. हे बीज किड्याच्या पोटात जावे लागत नाही. ते अंगाला चिकटते, रुजते, कातडी भेदून आत शिरते.

मग अमेरिकेतील कॅन्ससमध्ये उत्साहाचा अतिरेक झाला. १८९० च्या दशकात प्राध्यापक स्नो यांनी धान्यावरील 'चिंच बग' या ढेकणासाठी रोगट किडे हजारो शेतकऱ्यांना वाटले. कुठे गुण आला, कुठे नाही. १९११ साली तपासाअंती कळले की ती बुरशी शेतात आधीपासूनच होती; ओल असली की ती पसरे, कोरडे पडले की थांबे. वाटपाने त्यात भर पडली नव्हती.

या अपयशात मोठा धडा आहे. बुरशी हे जिवंत औषध आहे. तिला ओल हवी, वेळ हवा. फवारताच कीड पडावी, असा हट्ट तिच्यापाशी चालत नाही. आणि जिथे रेशीमकिडे पाळतात तिथे बोव्हेरिया जपूनच वापरावी लागते.

तरीही मी तिची बाजू घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर विष फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विषाच्या बाटलीची किंमत हिशेबात धरली जाते, पाठीवर पंप घेणाऱ्याच्या श्वासाची धरली जात नाही. ती धरली, तर चार दिवस उशिरा गुण देणारी बुरशी महाग वाटणार नाही.