दंडावरची देवी आणि देवीचा दंड



माझ्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे. माझ्या मुलीच्या दंडावर तो नाही. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 1980 साली जाहीर केले, त्याची ही घरातली साक्ष होय. लसीच्या या उपकाराबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मला बोलायचे आहे ते निराळ्याच प्रश्नासंबंधी: तान्ह्या मुलाच्या अंगाला सुई लावायची, हे ठरवायचे कोणी?

इंग्लंडात हा प्रश्न रस्त्यावर येऊन लढला गेला. एडवर्ड जेन्नरने 1796 साली गाईच्या देवीची लस टोचून पाहिली. 1840 साली ती गरिबांना फुकट देण्याचा कायदा झाला. परंतु हे काम सोपविले गेले ते कंगालांना दारिद्र्यगृहात धाडणाऱ्या पालकमंडळांकडे! ज्या दाराशी जाण्याची कामगाराला लाज वाटे, त्याच दाराशी त्याला मूल घेऊन जावे लागले. 1853 साली जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत मुलाला टोचून घेणे सक्तीचे झाले, आणि 1867 च्या कायद्याने त्याच मुलासाठी पुन:पुन्हा खटला भरण्याची सोय केली. दंड न भरणाऱ्याची चीजवस्तू जप्त होई, नाही तर त्याला तुरुंग दाखविला जाई. कायदा सर्वांना सारखाच होता. पण श्रीमंत दंड भरून मोकळा होई आणि मजुराच्या घरची खाट लिलावात जाई.

आईबापांची भीती सर्वस्वी अडाणीपणाची होती काय? तसे म्हणता येत नाही. त्या काळी एका मुलाच्या दंडावरच्या फोडातील लस काढून ती दुसऱ्या मुलाला टोचीत. हिंदुस्थानात 1802 साली मुंबईस पहिली लस आली, तीही अशीच हातोहात. या रीतीने क्वचित दुसरा रोगही जाई. इटलीतील रिव्हाल्टा गावी 1861 साली अशाच टोचणीतून मुलांना उपदंशाची बाधा झाली. असे असता, आपल्या मुलाच्या दंडातून लस काढू देण्यास आईने नकार देणे हाही इंग्लंडात 1871 पासून गुन्हा ठरला.

मोजे आणि जोडे बनविणाऱ्या कामगारांच्या लेस्टर शहरात 23 मार्च 1885 रोजी हजारोंचा प्रचंड मोर्चा निघाला. त्यांतले पुष्कळजण लसच निरुपयोगी आहे असे म्हणत, आणि तेथे ते साफ चुकत होते. पण लेस्टर नुसते नकार देऊन बसले नाही. रोग्याची तात्काळ वर्दी देणे, त्याला वेगळ्या इस्पितळात ठेवणे आणि त्याच्या सहवासातील माणसांवर नजर ठेवणे, ही व्यवस्था त्या शहराने उभारली.

अखेर सरकारने 1889 साली शाही आयोग नेमला. त्याचा अहवाल 1896 मध्ये आला आणि 1898 साली कायदा बदलला. हातोहात टोचण्याची रीत बंद होऊन वासरापासून तयार केलेली लस आली; टोचणारा डॉक्टर घरी येऊ लागला; आणि ज्याची सदसद्विवेकबुद्धी कबूल होत नसे, त्याला न्यायाधीशापुढे तसे सांगून सूट मागता येऊ लागली. सक्ती पुरती उठली ती 1948 साली. या तीन सुधारणांपैकी पहिल्या दोन आधीच झाल्या असत्या, तर किती आईबाप तुरुंगाऐवजी डॉक्टरकडे गेले असते!

परवा माझ्या नातीचा जन्म झाला. पहिल्याच दिवशी क्षयाची लस, पोलिओचे थेंब, काविळीची लस आणि रक्तस्राव होऊ नये म्हणून ‘के’ जीवनसत्त्वाची सुई. मुलीने विचारले, “हे कशासाठी?” उत्तर आले, “सगळ्यांनाच देतात, सही करा.” ती अडून बसली. मग एक वयस्कर परिचारिका खाटेवर टेकली आणि एकेक सुई कशासाठी ते तिने सांगितले. पाच मिनिटे लागली. मुलीने आनंदाने सही केली.

तीस वर्षे मी कामगारांच्या सभा भरवीत आलो आहे. हुकमाने आणलेला माणूस सभा संपण्याआधी उठून जातो. समजून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन येतो. बाळाला सुई वेळेवर मिळालीच पाहिजे. म्हणूनच आईच्या प्रश्नालाही वेळेवर उत्तर मिळाले पाहिजे.