भिंतीपाशी स्त्रियांचा स्वर : 'नेशोत हाकोटेल'ची वाटचाल

१ डिसेंबर १९८८ रोजी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीसमोर, स्त्रियांसाठी राखलेल्या भागात, सुमारे सत्तर जणी तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची, गुंडाळी घेऊन दाखल झाल्या. शहरात तेव्हा ज्यू स्त्रीवाद्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. कल्पना रिव्का हाउट यांची. रब्बी डेबोरा ब्रिन यांनी प्रार्थना चालवली आणि तोरावाचनही झाले. जमलेल्यांत ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म अशा सर्व पंथांच्या स्त्रिया होत्या. ऑर्थोडॉक्स भगिनींची अडचण होऊ नये म्हणून दहा पुरुषांच्या उपस्थितीतच म्हणायच्या प्रार्थना सर्वांनीच वगळल्या. तरीही पडद्यापलीकडच्या पुरुषांच्या भागातून शिव्याशाप आले. परिषद संपली, पण जेरुसलेमच्या स्त्रियांनी प्रत्येक ज्यू महिन्याच्या आरंभी, रोश होदेशला, तिथे जमणे चालू ठेवले. त्यातूनच 'नेशोत हाकोटेल', म्हणजे भिंतीच्या स्त्रिया, ही संस्था उभी राहिली.

विरोधकांचा मुख्य आक्षेप आवाजाला होता. स्त्रीचा आवाज ही नग्नता आहे, असे श्मुएल या गुरूंचे वचन ताल्मूदच्या बेराखोत प्रकरणात आहे. अनेक मध्ययुगीन भाष्यकारांनी त्याचा संबंध पुरुषाच्या श्मा या प्रार्थनेच्या पठणाशी लावला : स्त्रीचे गाणे कानी पडत असता त्याने श्मा म्हणू नये. बंधन होते ऐकणाऱ्यावर. पुढे त्याचा भार गाणारीच्या गळ्यावर आला. याहून बोलकी गोष्ट प्रार्थनाशालीची, म्हणजे तालितची. तिच्या गोंड्यांकडे पाहावे आणि आपल्या मनामागे, आपल्या डोळ्यांमागे वाहवत जाऊ नये, असे गणना पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात सांगितले आहे. वासनेचा लगाम ज्याच्या त्याच्या हाती देणारे हे वस्त्र. पुढे तेच अंगावर घेतल्याबद्दल स्त्रियांना अटक व्हावी, हे विलक्षणच.

१९८९ मध्ये खुर्च्या फेकल्या गेल्या आणि अश्रुधूरही सोडला गेला. त्याच वर्षी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. वर्षअखेरीस सरकारने नियम बदलला : स्थानिक प्रथेला सोडून असलेला आणि इतर भाविकांच्या भावना दुखावणारा विधी तिथे निषिद्ध ठरला. मे २००० मध्ये तीन न्यायमूर्तींनी स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. एप्रिल २००३ मध्ये नऊ जणांच्या पीठाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांना जवळच्या रॉबिन्सन कमानीकडे जायला सांगितले. हक्क मान्य, जागा मात्र दुसरी!

नोव्हेंबर २००९ मध्ये तालित घेतलेल्या एका तरुणीला पोलिसांनी ताब्यात घेतले. जुलै २०१० मध्ये अध्यक्षा अनात हॉफमन यांना तोरा हातात असताना अटक झाली, ऑक्टोबर २०१२ मध्ये पुन्हा. अखेर एप्रिल २०१३ मध्ये जेरुसलेम जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश मोशे सोबेल यांनी या प्रार्थनेने सार्वजनिक शांततेचा भंग होत नाही, असा निर्वाळा दिला. पुढच्याच महिन्यात पोलीस त्याच स्त्रियांच्या रक्षणासाठी उभे राहिले.

तोराची गुंडाळी आत नेण्याला मात्र बंदीच होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये लपवून नेलेल्या चिमुकल्या गुंडाळीतून वाचन करून एका मुलीचा बात मित्झ्वा, म्हणजे धार्मिकदृष्ट्या वयात येण्याचा विधी, पार पडला. स्त्रीपुरुषांच्या एकत्र प्रार्थनेसाठी दक्षिणेकडे स्वतंत्र, प्रशस्त जागा देण्याच्या वाटाघाटींवरून मात्र संस्थेत फूट पडली. मूळ संस्थापिकांपैकी काहींना स्त्रियांच्या भागावरचा दावा सोडणे मान्य नव्हते. त्यांनी वेगळी चूल मांडली. दोन्ही बाजूंची निष्ठा निर्विवाद होती. ३१ जानेवारी २०१६ रोजी मंत्रिमंडळाने तो आराखडा पंधरा विरुद्ध पाच मतांनी मंजूर केला आणि २५ जून २०१७ रोजी गोठवला.

संस्थेने त्यानंतरही स्त्रियांचा भाग सोडला नाही. मार्च २०१९ मध्ये तिशी साजरी करायला आलेल्यांना मोठ्या जमावाच्या धक्काबुक्कीला तोंड द्यावे लागले. तालित आणि स्वर यांची लढाई न्यायालयात जिंकून झाली आहे. आता झगडा आहे तो तोराची गुंडाळी उघडपणे आत नेण्याचा.