घरच्या घरी बंपर रंगवायचाय? रंग का सोलतो ते आधी बघा

आष्ट्याच्या बाजूला ऊसतोड सुरू झाली की सांगली-इस्लामपूर रस्त्यावर दोन गोष्टी वाढतात. उसाने भरलेल्या डबल ट्रॉल्या आणि कारचे फुटलेले बंपर. रात्री मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अगदी जवळ गेल्यावर दिसते. ब्रेक लागतो, माणसं वाचतात, पण बंपरचा कोपरा जातो.

मग विषय येतो क्लेमचा. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात. झिरो डेप असेल तर तो वाचतो, पण क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो (तो सांभाळणारं वेगळं कव्हर नसेल तर). पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होणारा हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत पोचतो. म्हणून बरेच जण लोकल बंपर आणून घरीच रंगवायला घेतात, आणि चार महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघायला लागतात.

दोष रंगाचा नसतो

पूर्वीच्या प्रीमियर पद्मिनीला स्टीलचे बंपर असायचे. आजचा बंपर बहुतेक वेळा पॉलीप्रॉपिलीनचा असतो. आतल्या बाजूला बघा, त्या प्लास्टिकचं नाव कोरलेलं सापडेल. घरातल्या बादल्या आणि डबेही याच जातीचे. डब्याला चिकटवलेली पट्टी सहज निघून येते ना, तेच इथं होतं. या प्लास्टिकला रंग धरून ठेवायची सवयच नाही. त्यात साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकट थर वर राहिलेला असतो.

म्हणून क्रम असा. आधी भांड्याचा साबण आणि पाण्याने आतून-बाहेरून धुवा. वाळल्यावर ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने स्वच्छ फडक्याने पुसा. मग ४०० ते ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सगळी चमक घालवा. घड्या आणि कडा सुटतात, आणि सोलायला सुरुवात तिथूनच होते. त्यानंतर ‘प्लास्टिक प्रायमर’चा पातळ हात. प्लास्टिक आणि रंग यांच्यात दुवा धरणारा थर तोच. पत्र्याचं साधं प्रायमर इथं चालत नाही.

बंपर राखाडी रंगात आला असेल तर खूश होण्याआधी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं आतल्या कडेला घासा. रंग फडक्यावर उतरला तर ते खरं प्रायमर नाही. ते काढून पहिल्यापासून सुरुवात करा. पत्र्यावर भरतात ती लांबीही बंपरवर थापू नका. बंपर लवतो, लांबी लवत नाही, तडकते.

आधी बसवा, मग रंगवा

हे ऐकलं नाही म्हणून सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. लोकल पार्टची भोकं दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असू शकतात. त्यामुळे कोरा बंपर आधी गाडीला लावून बघा. हेडलाइटखालची फट दोन्हीकडे सारखी आहे का, चाकाच्या कमानीचे स्क्रू जागेवर येतात का, फॉगलॅम्प बसतो का. भोक घासायचं, वाकवायचं ते आत्ताच. रंगवलेला पार्ट दुकानदार परत घेत नाही. बाजूच्या क्लिपा आणि ब्रॅकेट धक्क्यात मोडलेले असतील तर तेही आताच बदला. काढताना-लावताना दोन माणसं हवीत, आणि वायरचे सॉकेट आठवणीने सोडवा.

रंगाचा कोड गाडीवरच असतो. तो बघूनच रंग घ्या, ‘पांढरा द्या’ म्हणू नका. आधी पुठ्ठ्यावर मारून उन्हात गाडीशेजारी धरा. सिल्व्हर किंवा मेटॅलिक असेल तर बंपर गाडीवर असतो तसाच उभा धरून मारा, आडवा ठेवून मारला तर चकाकी वेगळी दिसते. जाड एका हातापेक्षा पातळ तीन हात बरे, मध्ये दहा-पंधरा मिनिटं सोडून.

आता जागा. पावसाळ्यात क्लिअरवर पांढुरकी झाक येऊ शकते. एप्रिल-मेच्या दुपारी रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो. आणि हंगामात कुणी शेतात पाचट पेटवलं की काळी काजळी उडत येऊन नेमकी ओल्या क्लिअरवर बसते. शेडमध्ये, खाली पाणी शिंपडून, सकाळी दव गेल्यावर मारा.

क्लिअर कोट मात्र जपून

गॅरेजमध्ये शेवटी मारतात तो क्लिअर दोन डब्यांचा असतो, त्यात हार्डनर मिसळतात. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. रुमाल किंवा कोरोनातला मास्क इथं काही कामाचा नाही. ज्या घरात लहान मुलं आहेत, तिथं हे काम करूच नये असं आमचं स्पष्ट मत. घासाई, प्रायमर, फिटिंग घरी करा आणि रंग-क्लिअरचा शेवटचा हात डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून मारून घ्या. तरी खर्च बराच वाचतो, कारण गॅरेजमध्ये मजुरीचा मोठा भाग तयारीतच जातो.

हार्डनर नसलेला स्प्रे कॅनचा क्लिअरही मिळतो. त्यालाही मोकळी हवा आणि चांगला मास्क हवाच, शिवाय त्यावर पेट्रोल सांडलं तर तो मऊ पडतो.

क्लिअर मारल्यावर किमान एक दिवस बंपर बसवू नका. महिनाभर प्रेशर वॉश आणि पॉलिश टाळा.

पुन्हा फुटू नये म्हणून पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावायचा विचार असेल तर थांबा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. धडक बसल्यावर गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का खातो, एअरबॅगचे सेन्सरही त्याच हिशोबाने लावलेले असतात. मध्ये लोखंड आलं की तो हिशोब चुकतो, आणि समोर पायी चालणारा असेल तर त्याला जास्त लागतं.