लिंबू चोळून उन्हात गेल्यावर त्वचा का भाजते? आणि प्राण्यांशिवाय हे कसं तपासतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातला श्रीगोंदा तालुका लिंबासाठी ओळखला जातो. उन्हाळ्यात लिंबाचा भाव चढतो, आणि त्याच दिवसांत चेहऱ्याला लिंबू चोळायला सांगणारे रील्सही फिरतात. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य. पण लिंबाचा रस अंगावर तसाच राहिला आणि त्यावर कडक ऊन पडलं, तर त्वचा अक्षरशः भाजल्यासारखी होऊ शकते.

नेमकं काय होतं?

लिंबात फ्युरोकूमरिन गटातली रसायनं असतात. रसापेक्षा सालीत ती जास्त असतात. अंधारात ती त्वचेला फारसं काही करत नाहीत. उन्हातले यूव्हीए किरण पडले की मात्र ती पेशींच्या डीएनएला चिकटतात आणि पेशींना इजा होते.

साधारण एका दिवसाने त्वचा लाल होते, आग होते, कधी फोड येतात. दोन-तीन दिवसांत त्रास सर्वाधिक असतो. नंतर उरलेले काळे डाग काही आठवडे ते काही महिने राहू शकतात.

ही ॲलर्जी नाही. पुरेसा रस आणि पुरेसं ऊन मिळालं, तर हे कुणालाही होऊ शकतं. याला फोटोटॉक्सिसिटी म्हणतात. अंजिराचा चीक आणि बावचीतही असे घटक असतात. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधानेही काहींची त्वचा उन्हात लवकर भाजते.

मग क्रीम किंवा औषध बाजारात येण्याआधी हे कसं कळतं?

पूर्वी गिनीपिग, ससे किंवा उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तिथे रसायन लावलं जायचं आणि त्यावर अतिनील किरण सोडले जायचे. भारताने २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यावर बंदी घातली. त्याच वर्षी, अशी चाचणी केलेली प्रसाधनं आयात करण्यावरही बंदी आली.

प्राण्यांशिवाय चाचणी कशी होते?

१. प्रकाश शोषला जातो का? २९० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश रसायन शोषत नसेल, तर प्रकाशामुळे थेट इजा होण्याचा प्रश्नच उरत नाही. ही तपासणी यंत्रावर होते, जिवंत पेशीही लागत नाहीत.

२. घातक ऑक्सिजन तयार होतो का? रसायनावर कृत्रिम सूर्यप्रकाश सोडून, पेशींना इजा करणारी ऑक्सिजनची रूपं तयार होतात का, हे मोजतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये ही पद्धत स्वीकारली.

३. पेशी मरतात का? ही सर्वात प्रसिद्ध चाचणी, ‘थ्री-टी-थ्री’. ओईसीडीची मान्यता २००४ पासून. पेशींच्या दोन सारख्या प्लेट घेतात. दोन्हींत रसायनाच्या सारख्याच मात्रा घालतात. एका प्लेटवर यूव्हीए प्रकाश सोडतात, दुसरी अंधारात ठेवतात. दुसऱ्या दिवशी न्यूट्रल रेड नावाचा लाल रंग घालतात. जिवंत पेशी तो शोषून घेतात, मेलेल्या नाही.

समजा, अंधारात निम्म्या पेशींवर परिणाम व्हायला १०० मायक्रोग्रॅम रसायन लागलं आणि उजेडात १० पुरलं. म्हणजे उजेडात ते दहापट घातक ठरलं. हा आकडा २ पेक्षा कमी असेल तर रसायन फोटोटॉक्सिक नाही, ५ किंवा जास्त असेल तर आहे. मधल्या आकड्यांवर आणखी तपास होतो.

४. त्वचेवर काय होतं? मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या थरावर रसायन लावून प्रकाश सोडतात. क्रीम, मलम यांसाठी ही चाचणी जास्त उपयोगी पडते. ओईसीडीने ती २०२१ मध्ये स्वीकारली.

यात प्राणी अजिबात नसतात का?

जिवंत प्राण्यावर प्रयोग होत नाही. पण थ्री-टी-थ्री पेशी मूळ उंदराच्या भ्रूणातून घेतलेल्या आहेत. त्या अनेक दशकं प्रयोगशाळेत वाढवल्या जात आहेत, त्यामुळे दर वेळी नवा उंदीर लागत नाही. पेशी वाढवण्यासाठी मात्र सहसा वासराच्या रक्तातलं सीरम वापरतात.

दुसरी मर्यादा म्हणजे ही चाचणी फार सावध आहे. ती ‘नाही’ म्हणाली तर त्यावर बराच भरवसा ठेवता येतो. ‘आहे’ म्हणाली तरी माणसाला त्रास होईलच असं नाही, कारण ते रसायन त्वचेत किती शिरतं यावर बरंच अवलंबून असतं. प्रकाशामुळे होणारी ॲलर्जीही या चाचणीत कळत नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

‘प्राण्यांवर चाचणी नाही’ असं पाकिटावर लिहिलेलं म्हणजे चाचणीच झाली नाही, असा अर्थ होत नाही. उलट, रीलमधला लिंबाचा घरगुती लेप अशा कुठल्याच परीक्षेतून गेलेला नसतो.

लिंबं पिळल्यावर किंवा तोडल्यावर, उन्हात जाण्याआधी हात साबणाने धुवा. बागेत काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे वापरा. फोड आले तर ते फोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि चेहऱ्याला लिंबू चोळण्यापेक्षा ते सरबतात पिळा.