हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल : ज्वालामुखीच्या चार रंगांची कुळकथा

नकाशावर ज्वालामुखीच्या नावाशेजारी एक रंगीत ठिपका असतो. तो बदलला की हजारो किलोमीटरवरच्या विमान कंपन्या मार्ग वळवतात, जादा इंधन भरतात, कधी उड्डाणच रद्द करतात. हिरवा म्हणजे डोंगर नेहमीसारखा आहे. पिवळा म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी हलू लागलं आहे. नारिंगी म्हणजे ही अस्वस्थता वाढली आहे आणि उद्रेकाची शक्यता बळावली आहे. किंवा उद्रेक सुरू झालाय, पण राख नाही, असलीच तर नावापुरती. लाल म्हणजे भरपूर राख उडते आहे, नाहीतर आता उडेलच. शाळकरी पोरालाही समजेल अशी ही पद्धत. पण ती जन्माला आली तेव्हा राखेत शिरून चारही इंजिनं बंद पडण्याचा प्रसंग दोन जंबो विमानांवर येऊन गेलेला होता.

त्यातलं पहिलं विमान मुंबईवरून गेलेलं. ब्रिटिश एअरवेजचं ९ क्रमांकाचं उड्डाण लंडनहून ऑकलंडला निघालं होतं आणि वाटेतल्या थांब्यांत मुंबई आणि क्वालालंपूर होतं. २४ जून १९८२ च्या रात्री क्वालालंपूर सोडून पर्थकडे जाताना, जावा बेटाजवळ ३७,००० फुटांवर वैमानिकांना समोरच्या काचेवर ठिणग्यांचा खेळ दिसू लागला. प्रवाशांच्या कक्षात गंधकाच्या वासाचा धूर भरला. मग एकेक करत चारही इंजिनं बंद पडली. २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी घेऊन ते बोइंग ७४७ इंजिनांविना तरंगत खाली येऊ लागलं. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांचे सहकारी इंजिनं चालू करण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले आणि साधारण १३,००० फुटांवर ती धरली. जाकार्ताला उतरताना समोरची काच इतकी घासली गेली होती, की धावपट्टीचे दिवे काचेच्या कडेच्या एका पट्टीतून तेवढे दिसत होते. उतरणीचा कोन दाखवणारी विमानतळावरची यंत्रणाही त्या रात्री बंद होती. किती अंतरावर किती उंची हवी हे सहवैमानिक सांगत गेला आणि मूडींनी विमान टेकवलं.

कारण दुसऱ्या दिवशीपासून उलगडत गेलं. जाकार्ताच्या आग्नेयेला गालुंगगुंग नावाचा ज्वालामुखी एप्रिलपासून धुमसत होता. हजारो माणसं घरदार सोडून गेली होती. जमिनीवर जी गोष्ट गावोगाव माहीत होती, तिचा आकाशातल्या माणसाला पत्ता नव्हता. विमानातलं हवामानाचं रडार पाण्याचे थेंब टिपतं. कोरडी राख त्याला दिसत नाही. त्यात रात्र. तीन आठवड्यांच्या आत सिंगापूर एअरलाइन्सचं जंबो त्याच राखेत सापडलं आणि त्याचीही काही इंजिनं बंद पडली.

ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते. ती खडकाची आणि काचेची पूड असते. तिचे कण १,१०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतात आणि जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातलं तापमान त्याच्या बरंच वर असतं. वितळलेले कण पुढच्या पात्यांवर जाऊन चिकटतात, हवेची वाट अरुंद होते आणि इंजिन गुदमरतं. मूडींच्या विमानाचा जीव वाचला तोही याच गुणामुळे. बंद इंजिन थंड झालं, पात्यांवरचा काचेचा थर कडक होऊन तडकला आणि बराचसा गळून पडला.

गालुंगगुंगनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, जागी झाली. अभ्यासगट नेमला गेला, नियम ठरले, ज्वालामुखींवर नजर ठेवणारी जागतिक व्यवस्था कागदावर उभी राहिली. त्या कागदांना मी कमी लेखत नाही. पण वेधशाळेत बसलेला माणूस आणि वैमानिक यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचं, हा प्रश्न त्यातून सुटला नव्हता. तो ॲलास्कात सुटला.

१९८९ मध्ये ॲलास्कातलं अँकरेज हे उत्तर पॅसिफिकच्या हवाई मार्गांवरचं मोठं नाकं होतं. सोव्हिएत आकाश बहुतेकांना बंद असल्याने युरोपातून जपानला जाणारी विमानं ध्रुवाकडून वळून इथे इंधनाला थांबत. आणि याच मार्गांखाली ॲलास्कापासून अल्यूशन बेटांपर्यंत ज्वालामुखींची रांग पसरली आहे. ॲलास्का ज्वालामुखी वेधशाळा १९८८ मध्ये स्थापन झाली होती. अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण, फेअरबँक्सचं विद्यापीठ आणि राज्याचं भूशास्त्र खातं असा तिघांचा तो संसार. तो जेमतेम मांडला जातोय तोच १४ डिसेंबर १९८९ ला रिडाउट फुटला. आधी भूकंपांचा लोंढा आला होता. पण पूर्वसूचना म्हणावी तर ती साधारण एका दिवसाचीच.

१५ डिसेंबरच्या सकाळी रिडाउट पुन्हा उसळला. दीडेक तासाने ॲमस्टरडॅमहून टोकियोला जाणारं केएलएमचं ८६७ क्रमांकाचं विमान अँकरेजला उतरण्यासाठी खाली येत होतं. ज्वालामुखी सुमारे २४० किलोमीटर दूर होता. मूडींना काहीच माहीत नव्हतं. इथे उद्रेकाची बातमी वैमानिकांपर्यंत पोचलेली होती, नियंत्रकाशी त्याबद्दल बोलणंही चालू होतं. राख या क्षणी नेमकी कुठे आहे, एवढंच कोणी सांगू शकत नव्हतं. समोर आला तो ढग इतर ढगांसारखाच, जरा तपकिरी. विमानाने वर चढून निघून जायचा प्रयत्न केला. जोर लावलेल्या इंजिनांनी अधिकच राख ओढली आणि चारही बंद पडली. खाली बर्फाळ डोंगर होते. दोन इंजिनं १७,००० फुटांच्या आसपास धरली, उरलेली दोन १३,००० च्या थोडं वर. २४५ माणसं सुखरूप उतरली. नवंकोरं बोइंग ७४७-४००. त्याची चारही इंजिनं बदलावी लागली आणि नुकसान ८ कोटी डॉलरच्या घरात गेलं.

पुढे एप्रिल १९९० पर्यंत रिडाउट मोठ्या स्फोटांनी गाजत राहिला. वेधशाळेकडे विचारणा करणाऱ्यांत विमान कंपन्या होत्या, हवाई नियंत्रक होते, लष्कर होतं, ज्वालामुखीच्या पायथ्याला चिखलाच्या लोंढ्यांनी धोक्यात आलेल्या तेलसाठ्याचे मालक होते. शास्त्रज्ञाचं उत्तर स्वभावतः लांब असतं: कंपनांची वारंवारता अशी, वायूंचं प्रमाण असं, शक्यता अशी पण खात्री नाही. नियंत्रकाला मात्र पुढच्या मिनिटाला कुणाला तरी डावीकडे वळवायचं असतं. या दोघांमधली फट बुजवण्यासाठी त्याच उद्रेकाच्या काळात वेधशाळेने चार रंगांची पद्धत काढली. तिच्या पहिल्या व्याख्यांतही विमानच डोळ्यासमोर होतं. राखेचा स्तंभ २५,००० फुटांच्या वर जाण्याचा संभव नसेल तर नारिंगी, त्यापलीकडे जाईल असं दिसलं तर लाल.

मला या पद्धतीतला पिवळा सगळ्यात मोलाचा वाटतो. लाल कोणीही देईल. राखेचा स्तंभ आकाशात उभा असताना त्याला धाडस लागत नाही. पिवळ्यात शास्त्रज्ञ चारचौघांत सांगतो की डोंगर अस्वस्थ आहे, पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, पण हे तुमच्या कानावर असलेलं बरं. डोंगर निवला की रंग खाली उतरवण्याची सोयही पहिल्यापासून आहे.

हिरव्याच्या बाबतीतही ॲलास्काच्या माणसांनी असाच चोखपणा ठेवला. ज्या ज्वालामुखीवर पुरेशी यंत्रं नाहीत त्याला ते हिरवा रंग देत नाहीत. डोंगर शांत आहे असं म्हणायला तो शांत असल्याचा पुरावा हवा. तो नसेल तर रंगाची जागा रिकामी राहते.

१९९१ मध्ये सिअ‍ॅटलला ज्वालामुखीची राख आणि विमानसुरक्षा या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. उडालेल्या राखेचा माग काढून इशारे देणारी नऊ केंद्रं त्या दशकात जगभर कामाला लागली: लंडन, तुलूज, डार्विन, टोकियो, वेलिंग्टन, अँकरेज, वॉशिंग्टन, माँट्रियल, ब्यूनोस आयर्स. अंदमानातल्या बॅरन बेटावर, म्हणजे भारताच्या एकमेव जागृत ज्वालामुखीवर, राख उडाली तर सूचना डार्विनहून निघते. रंग मात्र या केंद्रांचा नाही. डोंगराची अवस्था वेधशाळा सांगते, राखेचा प्रवास ही केंद्रं सांगतात. २००६ मध्ये अमेरिकेने आणखी एक फोड केली: विमानांसाठी रंग, जमिनीवरच्या माणसांसाठी वेगळी चार पायऱ्यांची इशारापद्धत. ते शहाणपणाचंच होतं. लाव्हा वस्तीत शिरून घरं जाळत असेल आणि राख उडत नसेल, तर गाव रिकामं करायला हवं, आकाश नाही.

एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा एयाफ्यातलायोकुल फुटला आणि युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर मिटलं. सुमारे १ लाख उड्डाणं रद्द झाली. तोवर नियम होता की दिसेल ती राख टाळायची. किती राख इंजिनाला सोसते, हा हिशेब त्या आठवड्याने करायला लावला आणि घनमीटरमागे २ मिलिग्रॅम वगैरे मर्यादा आल्या.

एव्हाना ॲलास्काबाहेरही पोचलेल्या रंगपद्धतीची खरी परीक्षा चार वर्षांनी झाली. १६ ऑगस्ट २०१४ ला आइसलँडमध्येच, वातनायोकुल या अजस्र हिमनदीखालच्या बार्दारबुंगा ज्वालामुखीत भूकंपांची मालिका सुरू झाली. दोन दिवसांत रंग नारिंगी. शिलारस जमिनीखालून आडवा सरकत होता आणि भूकंपांचे बिंदू नकाशावर त्याच्या मागोमाग चालत होते. हिमनदीखाली उद्रेक झाला तर बर्फाच्या पाण्याशी गाठ पडून राखेचे डोंगर उडणार, हे उघड होतं आणि २०१० ची आठवण ताजी होती. २३ ऑगस्टला आइसलँडच्या हवामान खात्याला बर्फाखाली छोटा उद्रेक झाल्यासारखं वाटलं. लाल रंग चढला. पण बंद केलं ते ज्वालामुखीभोवतालचं मर्यादित आकाश, देशाचे सगळे विमानतळ चालू राहिले. वरून पाहणी झाली, उद्रेकाची खूण दिसली नाही, दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा नारिंगी. मला हे मागे घेणं फार आवडतं. चुकू नये म्हणून लाल तसाच ठेवून देणं त्यांना सोपं होतं.

शेवटी चाळीसहून अधिक किलोमीटर सरकलेला शिलारस हिमनदीच्या बाहेर, होलुह्राउनच्या उघड्या माळावर भेगेतून वर आला. २९ ऑगस्टला काही तास, मग ३१ पासून सलग. दोन्ही वेळा काही तास लाल, मग नारिंगी. २७ फेब्रुवारी २०१५ पर्यंत लाव्हा वाहिला आणि सुमारे ८५ चौरस किलोमीटर जमीन झाकली गेली. सल्फर डायऑक्साइडने आइसलँडच्या गावांना छळलं. राख जवळपास नव्हती, युरोपची विमानं नेहमीसारखी उडत राहिली. आपला सह्याद्री ज्या थरांनी रचला तेही असेच भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. मापात मात्र होलुह्राउन त्यांच्यापुढे चिमूटभर.

सहा महिने एक मोठा ज्वालामुखी उद्रेक करत राहिला आणि नारिंगी ठिपक्याने त्याची नेमकी ओळख करून दिली. रंगपद्धतीचं याहून चांगलं काम मला माहीत नाही.

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियाच्या अफार भागातला हायली गुब्बी फुटला. त्याच्या आधीच्या उद्रेकाची इतिहासात नोंद नाही. राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली, तांबडा समुद्र, येमेन, ओमान ओलांडून दुसऱ्या रात्री गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे सरकली. तुलूजच्या केंद्राने तिचा माग काढला, भारताच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना सूचना दिल्या. अकासाने जेद्दा, कुवेत, अबू धाबीची उड्डाणं रद्द केली. एअर इंडियाने राखेच्या टापूवरून आलेली विमानं तपासायला घेतली आणि त्यापायी मुंबईहून सुटणारीही काही उड्डाणं गेली. इंजिन कोणाचं बंद पडलं नाही. राख इथे पोचायला दीडेक दिवस लागला आणि तेवढ्यात यंत्रणा हलली.

तो दीड दिवस अंतराने दिला होता. हायली गुब्बीवर नीट पहारा नव्हता, उद्रेकाआधी त्याला पिवळा ठिपका लागला नाही. अदिस अबाबाहून जिबूटीकडे निघालेल्या विमानाच्या हाताशी दीड दिवस नसतो. त्याच्यासाठी त्या डोंगराच्या पायथ्याशी भूकंपमापकं हवीत, त्यांच्या नोंदी रात्रंदिवस वाचणारी माणसं हवीत. हा भार एकट्या इथिओपियाने का वाहावा? तिथली राख ज्यांच्या मार्गांवर येते त्या सगळ्या देशांनी तो वाटून घ्यायला हवा, आणि त्यात भारत आहे.