अंकुशकृमीची विकरे व लस

अंकुशकृमी माणसाच्या लहान आतड्याला चिकटून रक्त पितो. ते रक्त पचवणारी विकरे (एंझाइमे) निकामी केली, तर कृमी उपाशी पडेल किंवा पचनातूनच तयार होणाऱ्या विषारी द्रव्याने खंगेल, या कल्पनेवर अंकुशकृमीविरुद्धच्या लसीचे आजचे मुख्य संशोधन उभे आहे. माणसाला बाधणाऱ्या जातींत नेकॅटर अमेरिकॅनस व अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल या प्रमुख आहेत. त्यांतील नेकॅटर जगात सर्वाधिक आढळते, म्हणून लसीचे काम बहुतांशी तिच्यावर झाले आहे. उष्ण व दमट प्रदेशांतील कोट्यवधी लोकांना, विशेषतः उघड्यावर शौच आणि अनवाणी चालणे ज्यांच्या वाट्याला येते त्यांना, ही बाधा होते.

कृमीच्या अळ्या ओलसर मातीत वाढतात आणि उघड्या पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. हा मार्ग आर्थर लूस या संशोधकाला कैरोत १९व्या शतकाच्या अखेरीस अपघातानेच कळला. प्रयोगासाठी घेतलेले अळ्यांचे पाणी त्याच्या हातावर सांडले, त्या जागी खाज सुटली आणि काही आठवड्यांनी त्याच्याच विष्ठेत कृमीची अंडी दिसली. त्वचेतून अळ्या रक्तावाटे फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशाशी येतात, गिळल्या जातात आणि आतड्यात पोचून प्रौढ होतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यातली ही खाज पावसाळ्यातल्या चिखल्या समजून सोडून दिली जाण्याचा संभव असतो.

प्रौढ कृमी जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा. नेकॅटरचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त पितो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पोटात शंभर कृमी असले तर रोज ३ आणि महिन्याला ९० मिलिलिटर रक्त जाते. अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल याच्या कितीतरी पट पितो. ज्या मुलाच्या किंवा गरोदर बाईच्या आहारात आधीच लोह तुटपुंजे आहे, त्यांना हा गळता हंडा परवडत नाही. रक्तक्षय, थकवा, मुलांची खुंटलेली वाढ हे या रोगाचे खरे रूप आहे, आणि ते हळूहळू येते म्हणून घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

प्यालेल्या रक्तातील तांबड्या पेशी कृमीच्या आतड्यात फुटतात आणि हीमोग्लोबिन मोकळे होते. त्याचे तुकडे एका विकराने होत नाहीत, एकामागून एक अनेक विकरे ते काम वाटून घेतात. पहिला घाव घालणारे विकर अॅस्पार्टिक प्रोटिएज गटातील आहे. नेकॅटरमधील त्याचे नाव एनए-एपीआर-१. त्याने मोठे तुकडे केले की सिस्टीन प्रोटिएज व मेटॅलोप्रोटिएज गटांतील विकरे ते आणखी बारीक करतात. या पचनात हीमोग्लोबिनमधला हीम हा लोहयुक्त भाग मोकळा होतो व तो पेशींना घातक असतो. त्याला बांधून ठेवण्याचे काम एनए-जीएसटी-१ करते, असे मानले जाते. हे ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज कुळातले विकर आहे. एक विकर अन्न मिळवून देते, दुसरे त्या अन्नाच्या विषापासून वाचवते. लशीच्या दृष्टीने ही जोडी फार सोयीची आहे.

लस टोचली की माणसाच्या रक्तात या विकरांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि कृमी रक्तासोबत तीच आपल्या आतड्यात ओढून घेतो. या युक्तीला दुसरीकडे आधार सापडला आहे. मेंढ्यांच्या हीमॉंकस या रक्तपिपासू कृमीविरुद्ध त्याच्याच आतड्यातील विकरांपासून बनवलेली लस ऑस्ट्रेलियात २०१४मध्ये परवान्यासह बाजारात आली. कुत्र्यांच्या अंकुशकृमीवरील प्रयोगांतही एपीआर-१ टोचलेल्या कुत्र्यांत अंड्यांची संख्या व रक्तक्षय कमी आढळला, आणि प्रतिपिंडे कृमीच्या आतड्याच्या अस्तराला जाऊन चिकटलेली दिसली.

माणसाच्या लसीचा आधीचा प्रयत्न अळीच्या एनए-एएसपी-२ या प्रथिनावर होता. ब्राझीलमध्ये, जिथे लोकांना पूर्वीच बाधा झालेली होती, चाचणीतील काही जणांच्या अंगावर लस टोचताच पित्ताच्या गांधी उठल्या. त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई, म्हणजे अॅलर्जीशी निगडित, प्रतिपिंडे आधीच होती. चाचणी थांबली. लस ज्यांच्यासाठी बनवायची त्या माणसांच्या शरीराला तो कृमी आधीच ओळखीचा असतो, ही अडचण तिथे उघडी पडली, आणि प्रौढ कृमीच्या आतड्यात दडलेल्या विकरांकडे संशोधन वळले. बाधा झालेल्यांच्या रक्तात या विकरांविरुद्ध आयजीई सहसा नसते.

विकर माणसाला टोचायचे म्हणजे ते स्वतः काही कापणार नाही याची खात्री हवी. म्हणून एपीआर-१मधील क्रियाशील जागेवरील दोन अॅस्पार्टिक आम्ले बदलून अॅलनिन बसवले. आकार तसाच राहिला, कापण्याची ताकद गेली. हे बदललेले प्रथिन तंबाखूच्या कुळातील निकोटियाना बेन्थामियाना या वनस्पतीत बनवले जाते, तर जीएसटी-१ यीस्टमध्ये. या कामामागे अमेरिकेतील सेबिन व्हॅक्सीन इन्स्टिट्यूट, बेलर कॉलेज ऑफ मेडिसिन आणि पीटर होटेझ व मारिया एलेना बोताझी यांचे दीर्घ परिश्रम आहेत. दोन्ही विकरांची एकत्र लस गॅबनमध्ये माणसांवर तपासली गेली. तिची खरी परीक्षा करण्यासाठी निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेवर मोजक्या अळ्या मुद्दाम सोडून, पुढे विष्ठेतील अंडी मोजण्याची पद्धतही बसवण्यात आली आहे.

अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी पोटातले बरेच कृमी पाडते, आणि भारतात २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना ती दिली जाते. पण माती तीच, पाय तेच, म्हणून बाधा पुन्हा होते. आणि वय वाढले तरी अंकुशकृमीविरुद्ध पक्की प्रतिकारशक्ती आपोआप येत नाही. त्यामुळे आधी गोळीने पोट साफ करायचे आणि नंतर लशीने नव्या कृमींना तग धरू द्यायचा नाही, अशी जोडउपाययोजना संशोधकांनी डोळ्यांसमोर ठेवली आहे. या लशीची कसोटी कृमी एकही उरला नाही अशी नाही. पोटात जे कृमी राहिले ते किती रक्त पितात आणि किती अंडी घालतात, ही आहे.